धुरपताचे पक्के पाय

मी एक जुना नादकाटा आहे. मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत रबरी ठोकळ्यावर आपटून तुम्ही कानाशी धरता ना, तो मी नव्हे. तो माझा चुलतभाऊ. त्याच्याभोवती मुलं गोळा होतात, "सर, आधी मला, सर, आधी मला" करतात. मी डॉक्टरांच्या कामाचा. मला कानाशी कुणी धरत नाही, पायाच्या अंगठ्यावर टेकवतात. पायाशी बसणाऱ्याला या जगात किती मान मिळतो, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आज मी रागात आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोडगोड कहाणी ऐकायला कुणी बसलं असेल तर त्यानं खुशाल उठून जावं. माझा जीव ज्या कामासाठी घडला ते काम मला करू दिलं नाही, आणि त्यापायी एका बाईचं काय झालं, ते मला सांगायचं आहे.

माझा जन्म अंबाल्याचा. पोलादाची कांब तापवून, वाकवून मला दोन हात काढले, खाली एक गोल टाच बसवली. मग कारागीर मला वाजवून ऐकायचा आणि कानस मारायचा, पुन्हा ऐकायचा, पुन्हा मारायचा. माझा सूर बरोबर लागेपर्यंत त्यानं मला सोडलं नाही. मला हलकंसं ठोकलं की माझे दोन्ही हात थरथरतात आणि ती थरथर टाचेतून माणसाच्या हाडात उतरते. धडधाकट पायाला ती लगेच कळते. ज्या पायाच्या नसा साखरेच्या आजारानं खाल्ल्या, त्याला ती उशिरा कळते, किंवा कळतच नाही. मी औषध देत नाही, मलमपट्टी करत नाही. पाय जागा आहे की झोपलाय, एवढंच मी सांगतो.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला आणि आमचा जिल्हा अर्ध्यावर आला, त्या सुमारास मी भंडाऱ्यात डॉक्टर चंद्रकांताबाईंच्या टेबलावर आलो. काय दिवस होते ते! कारध्याहून पूल ओलांडून माणसं यायची, पार बपेऱ्याहून एस.टी.नं धूळ खात यायची. बाई प्रत्येकाला पायताण काढायला लावायच्या. मोठा शेतकरी असो, मास्तर असो, "आधी पाय दाखवा" म्हणायच्या. मग डोळे मिटायला सांगून मला अंगठ्याच्या हाडावर टेकवायच्या. एखादी म्हातारी दचकून ओरडायची, "अवो बाई, पायात भोंगा शिरला का काय!" बाई हसायच्या आणि म्हणायच्या, "शिरला ते बरं झालं." रोगी उठून गेला की मला कापसानं पुसून मऊ फडक्यात ठेवायच्या. मला वाटायचं, असंच आयुष्य जाणार.

बाई थकल्या, दवाखाना बंद झाला, आणि जाताना त्यांनी मला डिंपलच्या हाती दिलं. डिंपल तुमसरची. आयुर्वेदाची पदवी घेऊन ती त्यांच्याकडे शिकायला राहिली होती. तिला लगोलग एक नोकरी मिळाली. बाहेरची एक संशोधन संस्था होती, तिचं काम होतं वनस्पतींतून निघणाऱ्या द्रव्यांची पारख करायची. साखरेच्या रोग्यांच्या पायाची जी आग होते, तिच्यावर झाडपाल्यातलं काही चालतं का, हे त्यांना पाहायचं होतं. ही आग काय असते, मित्रांनो, ते तुम्हाला कसं सांगू? तापल्या तव्यावर उभं केल्यागत तळवे जळतात, पायावर चादर सहन होत नाही. माणूस रडकुंडीला येतो आणि वरून पाय तर अगदी चांगला दिसतो. म्हणून घरातले म्हणतात, नाटकं करते.

या आगीवर त्यांनी निवडली मिरची. हो, आपली लाल मिरची. मिरचीतलं जे तिखट द्रव्य जिभेला झोंबतं, ते मलमातून थोडं थोडं कातडीला लावत राहिलं की आग सांगणाऱ्या नसा हळूहळू थंडावतात, असं शास्त्र सांगतं. त्यात खोटं काही नाही. मी मिरचीची निंदा करायला बसलेलो नाही, हे ध्यानात ठेवा.

आणि मिरचीचं औषध तपासायला पवनीसारखं दुसरं गाव कुठलं? तिथं मिरचीचे सातरे आहेत. सातरा म्हणजे मोठं आवार. त्यात मिरचीचे डोंगर पडलेले असतात आणि नाकाला पदर बांधून बाया रांगेनं बसलेल्या असतात, दिवसभर देठ खुडतात, फटकी म्हणजे पांढरी पडलेली मिरची निवडून बाजूला फेकतात. बाहेर सिमेंटच्या लांबरुंद ओट्यावर मिरची वाळत असते. नवी बाई आली की तिचे हात असे जळतात की ताकात बुडवून बसते. जुन्या बाया तिला हसतात. "थांब वं, होते हात पक्का!" म्हणतात. वर्ष-दोन वर्षं गेली की हात जळायचा थांबतो. मग ती बाई पक्की झाली. पक्क्या हाताची बाई सातऱ्यावर मानाची, तिनं नव्या पोरींना दटावलं तर कुणी उलट बोलत नाही.

धुरपता त्या सगळ्यांत पक्की. जिभेनं तर मिरचीहून तिखट. मुकादम सेवकराम पावलागणिक तिच्याशी वाद घालायचा आणि हरायचा. अंगात साखर जुनी होती, गोळी आठवली तर घ्यायची. तिची एकुलती लेक तृप्ती घरी शिलाई करायची आणि आईच्या खाण्यापिण्यावर डोळा ठेवायची. आग धुरपताच्या पायात दोन साल होती. भीमजयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे नाचणारी ही बाई, गेल्या साली चौकातल्या ओट्यावर पाय पाण्यात घालून बसली होती. ते तिला फार लागलं होतं.

डिंपलनं पहिल्या दिवशी मला तिच्या अंगठ्यावर टेकवलं. धुरपतानं डोळे मिटले, कपाळाला आठ्या पडल्या. "हाव, लागून राहिलं काही तरी," ती म्हणाली. "पण दुरून. जसा कोनी नदीच्या तिकडून हाका मारून राहिला." मी माझ्या परीनं सांगितलं की हा पाय अजून जागा आहे, पण पेंगायला लागलाय. रोज विचारपूस करा, नाहीतर झोपेल. डिंपलनं ते ऐकलं. तिचे कान चांगले होते.

पण त्या कामाचे मोठे होते विनोदसर. शिकलेले, हुशार, बोलायला गोड. एकदा त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "डिंपल, हा काटा राहू दे आता. एकेका बाईमागे किती वेळ जातो! आपल्याला पाहायचंय काय? आग कमी होते की नाही. मग तेवढंच विचार. शून्य ते दहा, आग किती? बाईनं आकडा सांगितला की पुढची बाई."

"पण सर, नसा..."

"नसांचं नंतर पाहू."

झालं! मी गेलो पिशवीच्या तळाशी, पट्ट्यांच्या आणि बिस्किटाच्या पुड्याच्या खाली. मित्रांनो, एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता. आणि अपमानाचंही जाऊ द्या. विनोदसरांना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पाय दोन कारणांनी जळायचा थांबतो. एक, औषध लागू पडलं म्हणून. दुसरं, ज्या नसेनं आग सांगायची तीच मेली म्हणून. दोन्हींचा आकडा एकच येतो. दोन्हींतला फरक सांगायला मी होतो आणि मला बिस्किटांखाली दाबून ठेवलं! याला काय म्हणायचं? डोळ्यांवर पट्टी बांधून वाट विचारायची, तशातली गत.

मलमाच्या ट्यूब वाटल्या गेल्या. काहींत मिरचीचा खरा अर्क, काहींत नाही. कुणाला काय मिळालं हे बायांनाही सांगायचं नव्हतं आणि डिंपललाही नाही, म्हणजे तुलना चोख होते. आता मिरचीवाल्या बायांपासून मिरची लपवायची म्हणजे कावळ्यापासून पुरी लपवणं! म्हणून बिनअर्काच्या ट्यूबमध्येही थोडं झोंबणारं दुसरं काही घातलं होतं. एवढी अक्कल वापरली, बघा. अक्कल कमी नव्हती. ती लावायची कुठं एवढंच चुकलं.

धुरपताचा आकडा उतरायला लागला. आधी आठ, मग पाच. मग एके दिवशी ती सातऱ्याच्या दारातूनच ओरडली, "डिंपलबाई, लिहा! आज काहीच नाही! शून्य!" बाया टाळ्या पिटायला लागल्या. निर्मलाबाई म्हणून तिची शेजारीण होती, तीही याच मलमाच्या अभ्यासात. तिचा आकडा चारवर अडकला होता. ती हिरमुसून म्हणाली, "माह्या पायाले काहून नाही वं गुण येऊन राहिला?"

"तुहे पाय अजून कच्चे हायेत," धुरपता ऐटीत म्हणाली. "माहे पक्के झाले. हात पक्का होते तसा पायही पक्का होते. मिरचीचाच तो गुन."

आणि सगळ्या बायांना ते पटलं! पटणारच. त्यांच्या सगळ्या आयुष्याचा अनुभव तोच होता. जळायचं थांबलं म्हणजे माणूस टणक झाला. त्यांचं काय चुकलं? त्यांना कुणी बसून सांगितलं होतं का, की हाताची गोष्ट निराळी आणि साखरेनं खाल्लेल्या पायाची निराळी? विनोदसरांच्या कानावर हे पक्क्या पायांचं आलं तेव्हा ते खळखळून हसले. "छान शब्द आहे," म्हणाले. समजावून मात्र कुणी सांगितलं नाही. पिशवीत पडल्या पडल्या माझा संताप संताप झाला. पण मला कुणी ठोकल्याशिवाय माझ्या तोंडून आवाज निघत नाही, हा माझा जन्माचा शाप.

पहिली शंका आली ती तृप्तीला. आईच्या पायाला मलम तीच चोळायची. एक दिवस ती डिंपलपाशी आली, बोटं फुंकत. "ताई, एक इचारू? हे मलम चोळलं का माहे बोटं घंटाभर झोंबतेत. साबनानं धुतलं तरी जात नाही. अन् मायले इचारते, झोंबते का, तं म्हनते काहीच नाही. तिच्या पायाले मी हात लावला हेच तिले कळत नाही. परवा तं तिच्या पायातली चप्पल रस्त्यात निसटली, अन् ही तशीच घरी आली. दारात आल्यावर म्या सांगतलं, तवा तिनं खाली पाह्यलं. हे बरं होनं आहे का, ताई?"

डिंपलचा चेहरा उतरला. ती तडक विनोदसरांकडे गेली. पिशवी खांद्यालाच होती, म्हणून मी सगळं ऐकलं.

"सर, धुरपतामावशींचा पाय पुन्हा तपासू द्या. मला वाटतं, त्यांना बधिरपणा येतोय."

"आग थांबलीय ना?"

"हो, पण..."

"मग 'पण' कशाला? डिंपल, झाडपाल्याच्या औषधाचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. इतक्या वर्षांनी कुठं काही हाती लागतंय. पुढच्या हप्त्यात आपलं काम बघायला बाहेरचे मोठे पाहुणे सातऱ्यावर येणार आहेत. आपल्याकडे दाखवायला धुरपताबाईंसारखी दुसरी बाई नाही. ते होऊन जाऊ दे. मग तुझा काटा लाव हवा तितका."

पुढचा हप्ता! पाय काय कॅलेंडर पाहून मरतो? डिंपल तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली आणि बाहेर आली. धुरपताला गाठून तिनं बजावलं, "मावशी, चपलेबिगर पाऊल टाकू नका. रोज तळवे पाहत जा." धुरपता तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "तू नको घाबरू वं पोरी. या सालच्या जयंतीत मी पूर्‍या गावात नाचली. पाहाले पाह्यजे होतं तू!" डिंपलनं तेव्हाच मला बाहेर काढायला हवं होतं. नाही काढलं. तिच्यावरही माझा राग आहे, मी लपवत नाही.

पाहुणे आले ते भर वैशाखात, दुपारी. सेवकरामनं मांडव घातला होता, थंड पाण्याचा माठ ठेवला होता, पाहुण्यांना गुलाबाची फुलं दिली. मिरचीच्या ठसक्यानं पाहुणे शिंकून शिंकून बेजार झाले. विनोदसर बोलायला उभे राहिले. वनस्पती, परंपरा, विज्ञान, सगळं बोलून झालं, मग त्यांनी धुरपताला पुढं बोलावलं. "या बाईंना पायावर चादर सहन होत नव्हती. आज त्यांची आग शून्य आहे!"

धुरपतानं पांढरं लुगडं नेसलं होतं. तिनं सगळ्यांना जयभीम केला आणि म्हणाली, "नुसतं सांगून काय होते, सर? मी चालूनच दाखवते नं!"

काही कळायच्या आत तिनं चपला काढल्या आणि मांडवातून बाहेर, उन्हात, मिरची वाळवायच्या त्या सिमेंटच्या ओट्यावर चढली. सेवकराम हाताची बोटं तोंडात घालून पाहतच राहिला. "बाप्पा! तिथं आत्ता कुत्रं पाय नाही टेकवत!" धुरपता त्या टोकाला गेली, वळली, कमरेवर हात ठेवून परत आली. मधे थांबून पाहुण्यांना म्हणाली, "कसे हायेत माहे पाय? पक्के का नाही?"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अहो, टाळ्या! मी पिशवीत कळवळत होतो. अरे, थांबवा तिला! ती चालते ते शौर्य नाही. तिला खाली काय आहे तेच कळत नाही! पण थांबवणार कोण? विनोदसरांच्या चेहऱ्यावरचं हसू तेवढं जरा आखडलं होतं. त्यांना तेव्हा कळलं असणार. तरी ते टाळ्या वाजवत राहिले.

धुरपताला खुर्चीवर बसवलं, खांद्यावर शाल घातली. तृप्ती चपला घेऊन धावत आली आणि आईच्या पायाशी बसली. तिनं आईचा पाय उचलून मांडीवर घेतला, आणि किंचाळली.

तळव्याची कातडी भाजून सुटून आली होती. पण तेवढंच नव्हतं. अंगठ्याखाली एक जुनी जखम होती, काळपट पडलेली, खोल. तृप्तीनं चप्पल उलटी करून पाहिली. तिच्या आत एक खिळा वर आलेला होता. तो किती दिवस टोचत होता, कोण जाणे. इतक्यात धुरपता "आता कायचं मलम" म्हणून तृप्तीला पायाला हात लावू देत नव्हती, म्हणून तिलाही जखम दिसली नव्हती. धुरपता त्याच पायानं कामाला जात होती, बाजारात जात होती, जयंतीत नाचली होती.

"काय झालं वं? कायले बोंबलून राहिली?" धुरपता म्हणाली. तिला खरंच काही कळलं नव्हतं.

डिंपलनं पिशवी उपडी केली. बिस्किटं, पट्ट्या, पेनं सगळं मातीत पडलं. तिनं मला उचललं, आपल्याच कोपरावर ठोकलं आणि धुरपतासमोर गुडघे टेकले. "मावशी, डोळे मिटा. सांगा, लागते का काही?"

मी जीव तोडून थरथरलो. अंगठ्यावर.

"नाही."

पावलावर. "नाही वं." घोट्यावर. "तू लावलं का पन?" नडगीवर. "अजून लाव नं आता." डिंपलनं मला पुन्हा ठोकलं आणि गुडघ्यावर टेकवलं. धुरपता ताडकन दचकली. "अगो माय! हे काय होय?"

तिनं डोळे उघडले. मी कुठे टेकलेलो आहे ते पाहिलं. मग खाली आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं.

"म्हंजे," ती हळू आवाजात म्हणाली, "आग नव्हती गेली? पायच गेले होते?"

तिनं विनोदसरांकडे मान वळवली. "तुमाले मालूम होतं, सर?"

"धुरपताबाई, हे बघा, आजार असतोच असा... आपण लगेच..."

"मी इचारून राहिली, मालूम होतं का नाही?" तिनं खांद्यावरची शाल ओढून काढली. "मंग मले हे कायचं पांघरून राहिले तुमी? माहे पाय मेले म्हून? पाहुण्याईपुढे नाचवलं मले, बिनकातड्याच्या पायानं! टाळ्या पिटल्या!" आवाज चढत चढत मांडवाबाहेर गेला. "अरे, जनावराचाही खूर पाहतेत रे कोनी गाडीले जुंपाच्या आधी!"

खरं ते सांगतो, विनोदसरांनी स्वतः तिला उचलून गाडीत ठेवलं आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय वाचवला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट मात्र वाचलं नाही. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "याआधी कुणी पाय तपासला नाही का?" तृप्तीनं डिंपलकडे पाहिलं आणि डिंपलनं जमिनीकडे.

तुम्ही म्हणाल, आता तरी सगळे शहाणे झाले असतील. कुठलं! धुरपता घरी आली आणि पंधरवड्यात संस्थेचा निरोप आला की ती आता अभ्यासातून बाद. म्हणजे आता तिचा पाय कुणाच्या हिशेबात नाही. औषध चांगलं की वाईट हे ठरवताना धुरपता नावाची बाई होऊनच गेली नव्हती जणू. सगळं साफसूफ. ऐकून माझे हात कुणी न ठोकता थरथरले असते, इतका मी भडकलो.

पण माझ्याहून जास्त भडकली धुरपता. तृप्तीच्या खांद्याचा आधार घेऊन, पायाला पट्टी, काखेत काठी, ती सातऱ्यावर आली. त्या दिवशी विनोदसर आणि डिंपल आकडे घ्यायला आले होते. "मले बाद करता?" ती म्हणाली. "मी काय फटकी मिरची हाय, निवडून फेकाले?" मग बायांकडे वळली. "आयका वं! यायले आकडा सांगू नका. एकीनंही नाही. आधी काटा लावा म्हना. पाय पाहा म्हना. मंग सांगू आग किती हाय ते."

बायांनी हातातली मिरची खाली ठेवली. सेवकरामनं "काम करा, काम करा" म्हणून पाहिलं, पण त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मग विनोदसरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "डिंपल, काटा काढ. आणि धुरपताबाईंचंही लिही. जे झालं ते सगळं लिही."

तर मित्रांनो, धुरपता पोत्यावर बसली आणि एकेकीला दटावून समोर बसवू लागली. "बस खाली. डोळे मिट. डिंपलबाईले बरं वाटावं म्हून खोटं बोलशीन तं पाह्यजो, मूठभर मिरची कोंबीन तोंडात!" डिंपल मला टेकवत होती आणि मी काम करत होतो, माझ्या जन्माचं काम. ज्यांची आग शून्य झाली होती त्यांतल्या काहींच्या पायांनी मला झटकन ओळखलं. त्यांना मलमानं खरंच गुण आला होता आणि मला बरं वाटलं. पण आणखी दोघी निघाल्या, धुरपतासारख्याच. पक्क्या पायांच्या. त्यांना मी कळलो नाही, आणि त्यांच्या तळव्यांवरही न कळलेल्या जखमा होत्या. त्या दोघींना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. हे चार महिने आधी करता आलं असतं. का केलं नाही? त्या एका आकड्याच्या हव्यासापायी?

शेवटी निर्मलाबाई आली. मी टेकलो तशी ती "आई गं" करून ओरडली. मग रडायला लागली. "धुरपता, माही आग अजून चारच हाय वं. कधी जाईन ही?"

धुरपतानं तिचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि तळवा वर करून नीट पाहिला, बोटांच्या सांदीतही पाहिलं. "रडू नको," ती म्हणाली. "मलम लाव, गोळी खा, आग जाईन तेव्हा जाईन. पन ज्या दिशी जाईन ना, त्या दिशी टाळ्या पिटू नको. आधी माह्याकडे ये."

मित्रांनो, तुमच्याही घरी साखरेचं कुणी असेल. आजी असेल, बाबा असतील, शेजारची काकू असेल. त्यांचा पाय दुखत नाही म्हणून तुम्ही खूश होऊ नका. त्यांना बसवा, त्यांचे तळवे पाहा, बोटांनी चाचपून विचारा, लागतं का. डॉक्टरांकडे नेलंत तर तिथं हक्कानं सांगा की काटा लावून बघा. आणि कुणी म्हणालं, वेळ नाही, तर त्याच्यापुढून हलू नका. धुरपता हलली नव्हती.